निवृत्त ब्रेक

सुरत शहरात जे काही चढ-उतार आहेत, ते बहुतेक महानगरपालिकेने बांधलेले. तापीच्या गाळावर पसरलेलं हे सपाट गाव. उतार हवा असेल तर उड्डाणपूल गाठावा लागतो. त्यामुळे इथल्या जुन्या मोटारसायकलचा ब्रेक गेलाय हे मालकाला कळायला बरेच महिने लागतात. सपाटीवर रेस सोडली, हॉर्न वाजवला आणि शेवटी दोन्ही पाय घासले की काम भागतं. उत्तरायणाच्या दिवसांत पतंगाच्या मांज्यामुळे पोलीस दुचाक्यांना पुलांवर बंदी घालतात, तेव्हा तर ब्रेकला पगारी रजाच मिळते.

आमची गाडी गेल्या शतकातली. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ती पार्किंगमध्ये बुडाली होती. पाणी ओसरल्यावर तिच्यातून जो चिखल निघाला, त्यात मेथी पेरता आली असती. तरी ती सुरू झाली. सुरू होण्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. थांबते की नाही, हे कुणी विचारलं नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत आपण सगळे असेच. ‘एका किकमध्ये सुरू होते’ हे ती विकताना छातीठोकपणे सांगतात. ‘एका दाबात थांबते’ असं सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचाय.

रिंगरोडच्या उड्डाणपुलावरून उतरताना तिचं पायडल एकदम सैल झालं आणि खाली टेकलं. मागच्या ब्रेकच्या दांड्याचं नट कुठेतरी गळून पडलं होतं. समोर साड्यांच्या पार्सलांनी लादलेला टेम्पो. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, हे गणित शाळेत सोपं वाटायचं. क्लच न दाबता रेस सोडली, गिअर एकेक करून खाली आणले, इंजिन कण्हलं, आणि पुढचं चाक टेम्पोच्या फाळक्याला अगदी अदबीने टेकलं. पार्सलांवर बसलेल्या पोराने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘धीमे, काका, धीमे.’ हीच सूचना मी गाडीला देत होतो. गाडी फोर-स्ट्रोक होती हे नशीब. टू-स्ट्रोकला इंजिनाचा असा आधार फारसा मिळत नाही.

लिंबायतचा आमचा मिस्त्री मूळ शिरपूरकडचा. गिऱ्हाइकाशी गुजराती बोलतो, गाडीशी अहिराणी. त्याने मागचं चाक हाताने फिरवलं आणि निदान केलं, ‘गाडी चालस, पन थांबस नई.’

ड्रम उघडल्यावर इतिहास बाहेर आला. आत दोन अर्धगोल शू, त्यांवर लायनर. पायडल दाबलं की कॅम फिरतो, शू फाकतात आणि लायनर ड्रमला घासतो, एवढाच कारभार. लायनर झिजला की मालक बाहेरचं नट आवळतो. पुन्हा झिजला, पुन्हा आवळतो. आर्मजवळ एक छोटा बाण असतो. पायडल दाबल्यावर तो खुणेपाशी पोचला, म्हणजे लायनर संपला. हा बाण बऱ्याच मालकांनी पाहिलेला नसतो, आणि पाहिलेला असला तर त्यावर उपाय असतो. कुणीतरी मागे आमच्या गाडीचा आर्म काढून एक दाता पुढे सरकवून बसवला होता; त्यामुळे बाण खोटं बोलू लागला. शिवाय कॅम आणि शूच्या मध्ये पत्र्याची पट्टी सारलेली. ब्रेक कडक लागतोय असा भास, आत लायनर कागदाएवढा. अशा अवस्थेत कॅम आडवा पडून चाक जाम होण्याची शक्यता असते. म्हणजे जो ब्रेक हवं तिथे थांबवत नव्हता, तो नको तिथे थांबवतो.

पावसाळ्याची कथा वेगळी. मिठी खाडी फुगली की लिंबायत-पर्वत पाटियाच्या बाजूला गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागते. ड्रममध्ये पाणी शिरलं की नवा लायनरही धरत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून सावकाश चालवलं की घर्षणाच्या उष्णतेने तो वाळतो. मागून हॉर्नांची आरती होते, ती ऐकावी.

पण मिस्त्रीने खरं वर्मावर बोट ठेवलं ते पुढच्या चाकाशी. पुढच्या ब्रेकची केबल इतकी सैल, की लिव्हर मुठीला टेकून परत येई. ती तुटली नव्हती. ती मुद्दाम सैल ठेवलेली होती. आपल्याकडे मोटारसायकल शिकवणारा प्रत्येक मामा पहिला मंत्र देतो: पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील. ओल्या रस्त्यावर, वळणावर, एकदम आवळला तर हे खरंही आहे. पण ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं, आणि थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाकच करू शकतं. मामाच्या धाकाने आपण त्याला पहिल्या दिवशीच निवृत्त करतो. मग मागचा गेला की म्हणतो, ‘ब्रेक फेल झाले.’ त्या दिवशी फेल एकच झालेला असतो. सरकारला ही सवय ठाऊक असावी. 1 एप्रिल 2019 पासून बनवल्या जाणाऱ्या 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले तरी असतात, नाहीतर एबीएस. जुन्या गाड्या मात्र आपल्या भरवशावर.

आणि त्यांच्याकडे बघणारं कुणी नाही. पोलीस हेल्मेट पाहतो, पीयूसीवाला धूर पाहतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, नंतर दर पाच वर्षांनी, तेव्हा काय ती आरटीओत पाहणी. आणि त्या सकाळी नट आवळलेलं असतंच.

दिवाळीला आणि लग्नसराईत लिंबायत-उधन्यातला खानदेश नवापूरमार्गे गावाकडे निघतो. कितीतरी जण मोटारसायकलवर, मागे बायको, मध्ये पोरगं. कोंडाईबारीचा घाट जाताना चढाचा, म्हणून गाडी गुणी वाटते. येताना तोच उतार, आणि त्यात मामाच्या घरची डाळ, कळण्याचं पीठ आणि लोणच्याच्या बरण्या. तिथे पाय घासून भागत नाही. उतारावर गिअर खालचा ठेवा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका. निघण्याआधी मागचं नट आणि बाण पाहा, पुढची केबल आवळून घ्या, आणि मोकळ्या मैदानात दोन्ही ब्रेक एकत्र लावायचा सराव करा. लायनरची जोडी घरच्यांच्या रविवारच्या लोचो-खमणपेक्षा महाग पडत नाही. मिस्त्रीने ‘एक पट्टी टाकून देतो, चालशे’ म्हटलं, तर नको म्हणा.