विजयांची बेरीज

सप्टेंबर १९८० ते ऑगस्ट १९८८ या इराण-इराक युद्धाच्या अवधीत बगदाद आणि तेहरान येथून नित्यनेमाने जी विजयपत्रके प्रसृत होत, त्यांतील शत्रुहानीचे आकडे प्रमाण मानून रोज टिपण ठेवणाऱ्या व्यासंगी वाचकास उभय फौजा समूळ नष्ट झाल्याचे फार लवकर उमगले असणार. तथापि पुढील लढाई लढणाऱ्यांवाचूनही अखंड चालू राहिली, ही प्रशासकीय शिस्त खरोखर वाखाणण्याजोगी होय. पराभव मात्र कोणत्याच दप्तरी दाखल नाही. उभय देशांच्या सरहद्दीविषयीचा १९७५ चा अल्जीयर्स करार इराकचे अध्यक्ष सद्दाम हुसेन यांनी युद्धारंभी रद्दबातल ठरविला होता. सर्व विजय यथासांग नोंदले गेल्यावर, ऑगस्ट १९९० मध्ये, त्यांनी तोच पुनश्च मान्य केला, कारण एव्हाना त्यांना कुवेत या दुसऱ्या शेजाऱ्याकडे लक्ष पुरवावयाचे होते.