बुचाचं सोवळं

नाशिकच्या सुलाच्या शेनिन ब्लांक वाइनला आट्याचं झाकण असतं. एक पीळ दिला की बाटली उघडते, आणि नेमकं हेच पुष्कळांना सलतं. एवढे पैसे मोजायचे आणि बाटली उघडायची खोकल्याच्या औषधासारखी? वेटरची ती झटापट नाही, तो 'पॉक्' आवाज नाही, बशीत ठेवून पुढे सरकवलेलं बूच नाही! यजमान ते बूच काय गांभीर्याने हुंगतात! खरं तर वाइन बिघडली की नाही, हे प्याला हुंगून कळतं. बूच दाखवायचं ते त्यावरचं नाव लेबलाशी जुळतंय का, हे बघायला. बनावट लेबलं डकवणारे काही आजचे नाहीत.

आणि वाइन बिघडवणारी खोड अनेकदा बुचातच असते. हान्स टान्नर या स्विस शास्त्रज्ञाने 1981मध्ये गुन्हेगार पकडला: बुचातलं ट्रायक्लोरोॲनिसोल हे रसायन. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. भारी वाइनलाही भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. वैतागून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रीझलिंगवाल्यांनी 2000मध्ये एकजुटीने आट्याची झाकणं लावली. मागोमाग न्यूझीलंड.

अमेरिकेत मात्र प्रतिष्ठेचा प्रश्न. नापातल्या प्लम्पजॅक वाइनरीने 1997च्या आपल्या खास कॅबर्नेच्या निम्म्या बाटल्यांना बूच लावलं, निम्म्यांना झाकण. आणि झाकणवाली दहा डॉलरनी महाग ठेवली. किंमत चढवली की ॲल्युमिनियमलाही कुळ-गोत्र मिळतं! 2002मध्ये तर रँडल ग्रॅम या वाइनवाल्याने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात बुचाची अंत्ययात्रा काढली. श्रद्धांजलीला साक्षात वाइन-समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन.

मयत अजून ठणठणीत आहे. पोर्तुगालचे बूचवाले आता महागडी बुचं एकेक करून यंत्राकडून तपासून घेतात. त्यांच्याबद्दल आकस नाही. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल काढायची, हा धंदा कुणालाही आवडावा. वर्षानुवर्षं तळघरात मुरवायच्या वाइनला खुशाल बूच लावा.

पण बूच ओलं राहायला बाटली आडवी ठेवावी लागते. आपल्याकडच्या कित्येक दुकानांत ती व्हिस्कीशेजारी महिनोन् महिने उभी, वर डोक्यावर ट्यूबलाइट. बूच सुकतं, हवा आत शिरते. मग गिऱ्हाईक पहिला घोट घेतं, तोंड वाकडं करतं आणि म्हणतं, 'वाइन अशीच लागते वाटतं.'