आमच्या वेळचा हार्डकोर

न्यूयॉर्कच्या आसपास हार्डकोर पंकचा कुठलाही शो असो, हे गृहस्थ असतातच. स्टेजसमोर नव्हे, मागे, टी-शर्टच्या टेबलाशेजारी, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. वय साठीला टेकलेलं, मानेवरच्या गोंदणाला सुरकुत्या, कानांत नारिंगी फोमचे बोळे. अंगात ॲग्नॉस्टिक फ्रंट या जुन्या हार्डकोर बँडचा टी-शर्ट, धुऊन धुऊन राखाडी झालेला आणि पोटावर जरा ताणलेला. तो मूळचा, १९८४चा आहे, हे न विचारताच कळतं.

बोलणं सुरू होतं सीबीजीबीपासून. बावरीवरचा तो क्लब, रविवार दुपारचे हार्डकोरचे मॅटिनी शो. तिथला संडास किती गलिच्छ होता हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. मारामाऱ्या इतक्या वाढल्या की मालकाला ते शो बंद करावे लागले, हा तपशील ते गाळतात. २००६ साली क्लबच बंद पडला आणि पुढे त्या जागेत पुरुषांच्या महागड्या कपड्यांचं दुकान आलं. ते आठवून हळहळायला त्यांना कुठलंही निमित्त पुरतं.

त्यांच्या मते सत्ययुग १९८६ला संपलं, क्रो-मॅग्ज या बँडच्या पहिल्या अल्बमबरोबर. आता ही मंडळी हरे कृष्ण पंथाच्या नादातली, आणि अल्बमचं नावच मुळी कलियुगावरून ठेवलेलं! त्याआधी, १९८५ साली, वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या बँडचं ‘सॅलड डेज’ बाहेर आलं होतं. गेल्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांना चिमटा काढणारं गाणं; रेकॉर्ड झालं तेव्हा गाणारा इअन मकाय एकवीस वर्षांचा. आमचे गृहस्थ ते डोळे मिटून ऐकतात आणि गहिवरतात.

नव्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं आहे, ऐकण्याआधीच. बाल्टिमोरच्या टर्नस्टाइल या बँडचं नाव काढा, की स्फोट: ‘‘सिंथेसायझर? हार्डकोरमध्ये?’’ बॅड ब्रेन्ससारखा जुना हार्डकोर बँडही मधूनच रेगे वाजवायचा, त्याचं काय? ‘‘ते बॅड ब्रेन्स होते!’’ यावर काय बोलणार?

पैशाचाही हिशोब न्यारा. जुना बँड पुन्हा एकत्र येणार म्हटलं की विमान, हॉटेल, शंभर डॉलरचं तिकीट, सगळं बिनतक्रार. चारांपैकी मूळचा एकच उरला असला तरी चालतो. नव्या पोरांच्या पंधरा डॉलरच्या तिकिटाला मात्र दारावर घासाघीस. आमच्या वेळी पाचात व्हायचं म्हणे!

परवा एका शोनंतर घामाने निथळणारा एक ड्रमर स्वतःच टेबलामागे येऊन उभा राहिला. विशीही न ओलांडलेला. त्याने आपली सात इंची रेकॉर्ड पुढे केली. गृहस्थांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि परीक्षाच घेतली, ‘‘कोणाचं ऐकता तुम्ही?’’ पोराने ऐंशीच्या दशकातला एक बँड सांगितला. गृहस्थ खूश.

‘‘तुम्ही त्यांचा पहिला शो पाहिलात?’’ पोराने डोळे विस्फारून विचारलं.

‘‘छे! तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं?’’

आणि रेकॉर्ड परत टेबलावर गेली.

तुम्ही कधी अशा शोला गेलात, तर सगळ्यात आधी वाजवणाऱ्या बँडच्या वेळेला पोचा, आणि जमलं तर त्यांचा एक टी-शर्ट घ्या. पुढच्या गावापर्यंतचं पेट्रोल त्यातूनच भरलं जातं.