बुडीचा मुहूर्त

पुण्याचा समुद्राशी संबंध एका आकड्यापुरता आहे: समुद्रसपाटीपासूनची उंची. ती साडेपाचशे मीटरांच्या थोडी वर भरते, आणि बहुतेक पुणेकरांना हे अंतर राखलेलं बरं वाटतं. तरीही गणपतीचं विसर्जन आटोपलं की घरोघरी 'मालवण फायनल' नावाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप जन्माला येतो. मग एक्सेलमध्ये तक्ता तयार होतो. शुक्रवारी रात्री दहाला कात्रज सोडायचं, कोल्हापुरात चहा, फोंडा घाट उजाडताना उतरायचा, आठला मालवण. नऊ ते साडेदहा सिंधुदुर्ग किल्ला, अकराला स्कूबा, एकला सुरमईची थाळी, मग विश्रांती, चारला पॅरासेलिंग आणि बनाना राइड, साडेपाचला देवबागचा संगम आणि त्सुनामी बेट, सहा वाजून काही मिनिटांनी सूर्यास्त. एका रकान्यात 'निवांत बसणे (३० मि.)' असंही लिहिलेलं असतं. तक्त्यात खोट काढायला जागा नसते. पावणेचारशे किलोमीटरच्या प्रवासात कोण कुठे ओकेल याचाही अंदाज त्यात धरलेला असतो. फक्त ज्याच्या जिवावर हा खटाटोप चाललेला आहे त्या समुद्राला कुणी काही विचारलेलं नसतं, आणि तो घड्याळ बांधत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की मालवणची सहल तारीख-वार पाहून न आखता तिथी पाहून आखावी. हे वाचून पुरोगामी वाचकांनी पान उलटू नये. ग्रहशांतीचा इथे काहीही संबंध नाही.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचं एक गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, शुक्ल असो की कृष्ण, आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ, दिवसा आणि रात्रीही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. गाव बदललं की तासभर इकडेतिकडे होतं, पण मुळात हिशेब पक्का आहे, कारण भरती चंद्रामुळे रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिथीचा संबंधही त्याच चंद्राशी आहे. पाऊणकी हे कोष्टक आपल्या आजोबांना पाठ होतं. आपण ते गाळलं आणि मग समुद्र बेभरवशाचा आहे असं म्हणू लागलो. गंमत म्हणजे या गणिताला लागणारी सामग्री प्रत्येक पुणेरी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खिळ्याला टांगलेली असते. 'कालनिर्णय'चा एक चौकोन जवळून पाहा. मधोमध ठसठशीत तारीख, खाली बारीक अक्षरात तिथी, उरलेल्या जागेत बॉलपेनाने '१ लि.' किंवा 'दूध नाही', आणि सिलिंडर लावल्याची खूण. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदय किती वाजून किती मिनिटांनी आहे हे त्यातच पाहून मोदक वाफवायला ठेवले जातात. म्हणजे चंद्र उगवेपर्यंत उपाशी बसायची आपली तयारी असते, पण तोच चंद्र पाणी ओढतो हे ध्यानात घ्यायची नसते. या दिनदर्शिकेचे संस्थापक जयंत साळगावकर जन्माने मालवणचे. १९७३ पासून मालवणच्या माणसाने मालवणच्या भरतीचं वेळापत्रक आपल्या भिंतीवर टांगून ठेवलेलं आहे आणि आपण त्यावर दुधाचा हिशेब लिहितो आहोत.

तिथी न पाहिल्याने काय बिघडतं? देवबागला जा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक पट्टा आहे. तो २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं सांगतात, म्हणून त्याचं नाव त्सुनामी बेट. बेट हा शब्द मात्र ओहोटीपुरताच खरा. भरतीला तिथे पाणी असतं आणि पाण्यात उभी राहिलेली माणसं असतात, ज्यांच्या तक्त्यात साडेपाचला बेट लिहिलेलं होतं. बेट पाहायला जावं आणि बेट घरी नसावं, याचा राग मग होडीवाल्यावर निघतो. किंवा मालवणच्या जेटीच्या पायऱ्या पाहा. वरच्या कोरड्या, मधल्या ओल्या, खालच्या शेवाळाने हिरव्यागार आणि त्यांच्या कडांना चिकटलेली कालवं. पुण्याचा पाहुणा मनगटाकडे पाहत विचारतो, "पुढची बोट किती वाजता?" होडीवाला पायऱ्यांकडे पाहतो आणि म्हणतो, "सुटात आता." दोघांनीही घड्याळच पाहिलेलं असतं. फरक एवढाच, की एकाचं दगडी आहे आणि त्याला सेल लागत नाही. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला, तोही खडकाळ समुद्रात, परक्या जहाजाला वाट सापडणार नाही अशा जागी. तिथल्या खडकांत वाट काढायची तर पाणी कुठे किती आहे हे ठाऊक असावंच लागतं. आपण त्याच पाण्यात केशरी जाकीट घालून शिरतो आणि दहा मिनिटं उशीर झाला म्हणून कुरकुरतो.

स्कूबाचं तर सगळंच पाण्याच्या मर्जीवर. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते, आणि एवढं पाणी तेवढ्याच तासांत ये-जा करायचं म्हणजे ते धावतं. धावताना वाळू उचलतं. अष्टमीच्या आसपास त्याच्या उलट, ज्याला कोकणात भांग म्हणतात. पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं, फारशी घाई नसते. उधाण काय किंवा भांग काय, दोन्ही त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी रंगात येतात. आता पुणेकर मालवणला कधी जातो? पौर्णिमा पाहून, कारण चांदण्यात समुद्र छान दिसतो. दिसतो हे खरंच, पण वरून. खाली गेल्यावर चहाच्या भांड्यात उतरल्यासारखं वाटतं, आणि हजारो रुपये मोजून काढलेल्या व्हिडिओत एक अंगठा, काही बुडबुडे आणि प्रवाळ असावं असं काहीतरी दिसतं. १९८७ साली मालवणचा सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथले मासे आपल्याला दिसले नाहीत याचा अर्थ ते नव्हते असा नाही. त्यांनी तिथी पाहिली होती.

पाण्यानंतरचा दुसरा साक्षीदार वारा. खारे वारे आणि मतलई वारे हा प्रश्न भूगोलात आकृतीसह सोडवून आपण सर्वांनी पूर्ण गुण मिळवलेले आहेत, आणि बाणांची दिशा चुकली म्हणून काहींनी अर्धा गमावलाही आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी शांत राहतं. दुपारी जमीन तापते, वारा उलटतो, लाटा उठतात. हे सगळं पाठ असलेला माणूस सकाळचे दोन तास नाश्त्यात घालवतो आणि चार वाजता ताजातवाना होऊन, नेमक्या उसळत्या पाण्यात, केळ्याच्या आकाराच्या रबरी फुग्यावर बसायला जातो. यावर पुण्याच्या वामकुक्षीला दोष देणं सोपं आहे. एक ते चारचा विनोद आता इतका झिजला आहे की त्याला पेन्शन द्यावी. पण मला उलटच वाटतं. एक ते चार हेच खाऱ्या वाऱ्याचे तास. त्या वेळात पाण्यापासून दूर, पंख्याखाली आडवं होणं ही कोणत्याही तांडेलाला पटेल अशी दर्यावर्दी शिस्त आहे. चूक झोपण्याची नाही, उठून समुद्रावर जाण्याची आहे.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की पुणेकराला समुद्रातलं काय कळणार? हा मला मान्य नाही. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ साली सुरू झालेलं. तिथे देशातल्या बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत खोट्या लाटा आणि खोटी भरती-ओहोटी सोडतात. साडेबारा तासांचं चक्र काही मिनिटांत आटोपतं. हुकूम केल्यावर वेळेवर येणारी भरती जगात कुठे असेल तर ती पुण्यातच. शेजारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र धरणाच्या पाण्यात शिडाच्या होड्या हाकतात आणि त्यांतले काही पुढे नौदलात जातात. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, आणि त्याच्या नावाच्या चौकात आपण रोज सिग्नलला थांबतो. सामान्य माणूसही कमी नाही. खडकवासल्यातून किती क्यूसेक सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली कधी गेला याची चर्चा पुण्यात ज्या अधिकाराने होते तो अधिकार बंदरावरच्या म्हाताऱ्यांकडेही नसतो. भिडे पूल ही आमची जेटीच आहे. तेव्हा ज्ञान भरपूर आहे, ते घाट उतरताना कुठेतरी सांडतं. अर्थात पुण्यात बसून समुद्राचे बेत आखायला जुना आणि वाईट इतिहास आहे, हे नाकारता येत नाही. तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून पेशव्यांनी इंग्रजांना जोडीला घेतलं आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या धक्क्याला मराठ्यांचंच आरमार जळालं. त्या बेतातही, माझा अंदाज आहे, सगळे रकाने भरलेले असावेत.

दुसरा आक्षेप तरुणांचा. भरतीची वेळ मोबाइलवर मिनिटासकट मिळते, मग पाऊणकी कशाला? मिळते, आणि ती पाऊणकीपेक्षा अचूक असते, यात वाद नाही. पण ती पाहिली जाते कधी? खोली आरक्षित झाल्यावर, रजा मंजूर झाल्यावर, जेटीवर उभं राहून. पाऊणकीचा फायदा असा, की ती दोन महिने आधी, भाजी निवडता निवडता, तोंडी करता येते. याच आक्षेपाचा धाकटा भाऊ म्हणतो, की हे सगळं होडीवाले आणि स्कूबावाले बघून घेतील. ते बघतातच. फोनवर ते "सकाळी लवकर येवा" एवढंच सांगतात. या तीन शब्दांत वारा, पाणी, प्रवाह आणि तुमच्या पोटातला नाश्ता या सर्वांचा विचार झालेला असतो. पण पुण्यात कोणताही दुकानदार ग्राहकाला लवकर या म्हणत नसल्याने आपल्याला त्यात काहीतरी डाव दिसतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, तेव्हासुद्धा "थोडं फार तरी चालू असेल ना?" असे फोन करणारे लोक आपणच. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ देऊन तो शांत होण्याची विनंती केली जाते. विनंती हा सुरुवातीचा योग्य सूर आहे. आपण सुरुवात सवलतीने करतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. रजा तिथीवर मिळत नाही. कंपनीला दशमी कळत नाही, शाळेला भांग कळत नाही, आपल्या वाट्याला शनिवार-रविवार येतात आणि तेवढ्यात समुद्र उरकावा लागतो. कबूल. पण इथे चंद्रानेच नोकरदारांची सोय करून ठेवलेली आहे. एका उधाणापासून भांगापर्यंत सात दिवसांहून थोडे जास्त लागतात, आणि आठवडा सात दिवसांचा. म्हणजे या शनिवारी उधाण असेल तर पुढच्या शनिवारी भांग जवळपास ठरलेला. महिन्याकाठी दीड दिवसाची घसरण होते, तिला मालवणात कुणी विचारत नाही. तेव्हा रजा बदलायला नको, वार बदलायला नको, साहेबांच्या पाया पडायला नको. फक्त एक शनिवार सोडून पुढचा धरायचा. पुणेकराला प्रत्येक गोष्ट पुढच्या आठवड्यावर टाकण्याची सवय असताना नेमकी मालवणचीच एवढी घाई का, हे मला कळलेलं नाही.

आता उत्तम दिवस कोणता ते पाहू. भांगाचं शांत पाणी हवं, ते अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी. सकाळी वारा पडलेला असताना भरती हवी, म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात, अकराची सव्वाआठ. चहा घेऊन जेटीवर जावं तर पाणी भरत आलेलं, वारा निजलेला, तळ दिसतो आहे. स्कूबा, मग किल्ला, मग थाळी, मग वामकुक्षी थोडी आवरती घेतली तर दुपारी दोन-अडीचच्या ओहोटीला बेटही घरी सापडतं. सगळी गणितं येऊन थांबतात ती दशमी आणि एकादशीवर. शनिवारी दशमी आली तर रविवारी एकादशी, आणि ज्या ग्रुपमध्ये बारा माणसं आहेत त्यात चार जणांचा शनिवार असतो, तिघांची एकादशी आणि एकाची दोन्ही. पापलेट, सुरमई आणि तिसऱ्यांच्या गावी, वर्षातल्या सर्वांत नितळ पाण्याच्या दिवशी, खानावळीला पुण्याहून फोन जातो, की साबुदाण्याची खिचडी मिळेल का. मिळते. वर ओलं खोबरं जरा जास्तच घालतात, आणि दाण्याचं कूट कमी पडलं अशी तक्रार ग्रुपवर कोल्हापूर यायच्या आत पडते.