सही मास्तर

पहिला पाऊस पडला, तूर-सोयाबीनची पेरणी आटोपली, की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दोघांची आवक वाढते. एक, साप चावलेल्यांची. दोन, साप चावलेल्याचं काय करायचं हे शिकायला आलेल्या इंटर्न पोरापोरींची. पहिल्यांना डॉक्टर भेटतो. दुसऱ्यांना सही भेटते.

या सदरातले डॉक्टरसाहेब काल्पनिक आहेत. त्यांना हुडकायला मूर्तिजापूर स्टेशनावर उतरून कोणी ऑटो करू नये. तसे ते दर्यापुरातही सापडतील आणि कारंज्यातही. ओळखायची खूण एवढीच, की बोलता बोलता त्यांचा उजवा हात आपोआप सही करत असतो. समोर कागद असो वा नसो.

त्यांना दोष देणारा मी नव्हे. सकाळची ओपीडी, तिच्यात मधेच पोलीस येतो पोस्टमॉर्टेमसाठी. दुपारी कोर्टाची साक्ष, संध्याकाळी ऑनलाइन आढावा बैठक, आणि मंत्री दौऱ्यावर असले की ताफ्यामागच्या ॲम्ब्युलन्समध्ये बसणं. आपली शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा तिचा गार्ड वाटेतल्या ओसाड स्टेशनांवर खाली उतरून तिकिटंही द्यायचा. गाडी बंद पडली आणि तो गार्ड बहुधा आरोग्य खात्यात लागला. आता त्याला वरून कळवण्यात आलं आहे की तुम्ही शिक्षकही आहात. पगाराबद्दल पत्रात काही नाही.

कल्पना मात्र उत्तम. २०२० साली अधिसूचना निघाली, की एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाने तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काढायचे. इंटर्नला तर सामुदायिक आरोग्याचे बारा आठवडे आहेतच. भोर समितीनेही १९४६ मध्येच सांगून ठेवलं होतं, की डॉक्टर होऊ घातलेल्याला तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं शिक्षण द्या. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ सालचं. तिथे पहिल्या वर्षाची पोरं पंधरा दिवस खेड्यात जाऊन राहतात. मास्तरही सोबत राहतात, हा त्यातला गैरसोयीचा भाग. बाकीच्यांनी तेवढा गाळून योजना उचलली.

"सर, लॉगबुक."

"कशाचं?"

"पोस्टिंगचं, सर. संपली."

"संपली? सुरू कधी झाली?"

लॉगबुक ही पाहण्यासारखी वस्तू आहे. काय केलं, कितव्या प्रयत्नात केलं, कसं केलं, याचे रकाने. 'कसं'साठी तीन अक्षरं: बी म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, एम म्हणजे अपेक्षेइतकं, ई म्हणजे अपेक्षेपेक्षा सरस. मग शिक्षकाची सही. साहेब वरपासून खालपर्यंत एम लिहीत जातात. ई दिला तर कॉलेजवाले विचारणार, एवढं काय केलं? बी दिला तर पुन्हा शिकवणं आलं, आणि पुन्हा शिकवायचं तर आधी एकदा शिकवलेलं असावं लागतं. तेव्हा एम. मूर्तिजापुरात सगळे अपेक्षेइतके, कारण अपेक्षा कोणी विचारलेलीच नाही.

"बेटा, तारखा कोऱ्या का?"

"सर, तुम्ही नव्हते त्या दिवशी."

"मागच्या टाक."

पोरंही काही कमी नाहीत. पुढची नीट-पीजी डोक्यावर बसलेली, त्यामुळे ड्युटीरूममध्ये कॉटवर पडून मोबाइलवर प्रश्न सोडवणं चालू असतं: घोणस चावल्यावर खालीलपैकी कोणती तपासणी कराल? पर्याय चार. पलीकडच्या खोलीत घोणस चावलेला माणूस एकच.

त्या खोलीत सिस्टर आहे. वीसेक वर्षं नोकरी झालेली, पदोन्नतीची फाइल कुठे तरी अडकलेली. तिने एका इंटर्न पोरीच्या हातातला मोबाइल काढून कोरडी काचेची नळी दिली. दोन मिली रक्त घेतलं, नळी उभी ठेवली, घड्याळ पाहिलं. आता वीस मिनिटं हलवायची नाही. वीस मिनिटांनी तिरपी करायची. गोठलं नसेल तर रक्तात विष उतरलं, सापाच्या विषावरचं औषध सुरू.

आणि इथे या दवाखान्यातला एकमेव तास भरतो, कारण वीस मिनिटं कोणालाच काही करता येत नाही. "घरच्यांनी बांधलेली दोरी झटक्यात सोडायची नाही हो मॅडम, आधी सलाइन लावून ठेवायचं. अंगठी काढून घ्या, बोट सुजलं की कापावी लागते. पापण्या पाहत राहा. जड झाल्या, डोळे उघडेना झाले, तर नळीकडे पाहत बसायचं नाही, लगेच मला हाक मारायची." पोरगी लिहून घेते. सिस्टर म्हणते, "लिहू नका, पाहा." दारातून पेशंटचा भाऊ ओरडतो, "काहून थांबले जी? इंजेक्शन लावा न!" त्याचं उत्तरही सिस्टरच देते. पोरीला ते पाठ करून ठेवावं लागेल. संवादकौशल्याचा विषय अभ्यासक्रमात २०१९ पासून आहे, पण त्यात हे उत्तर नसावं. छापताही यायचं नाही.

रक्त गोठलं नाही. औषध चढलं. लॉगबुकात त्या दिवसाची ओळ आहे, एम आहे, सही आहे. सही साहेबांची. सिस्टरच्या सहीला रकानाच नाही. परिचारिकेने डॉक्टर शिकवला, असं लिहायला जागा ठेवली तर किती कॉलेजांची मान्यता धोक्यात येईल, याचा विचार दिल्लीने केलाच असेल.

साहेब स्वतः जो एक धडा मनापासून शिकवतात तो चिठ्ठीचा: 'रेफर टू अकोला'. त्यात चूक म्हणता येत नाही. व्हेंटिलेटर लागणाऱ्याला इथे धरून ठेवणं ही शिकवण नव्हे, खून आहे. पण चिठ्ठी आधी आणि नाडी नंतर, हा क्रम पोरं लवकर उचलतात. रस्ताही साथ देतो. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात नाव गेलं. ही पोरं रस्त्याकडून शिकली असती तरी चाललं असतं: निदान तो अंथरताना कोणी तरी समोर उभं होतं.

कॉलेजातल्या प्राध्यापकांचं तसं बरं चाललंय. त्यांची हजेरी मे २०२५ पासून चेहरा दाखवून, जागेसकट मोबाइलवर लागते. प्राध्यापक आवारात आहे हे दिल्लीला कळतं. वर्गात आहे का, हे कळायची सोय अजून निघायची आहे. त्याच वर्षी दुसरा नियम आला: किमान २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काढलेला तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. साहेबांनी आशेने खाटा मोजल्या. उपजिल्हा रुग्णालय म्हणजे पन्नास किंवा शंभर खाटांचा मामला. डेंग्यूच्या साथीत व्हरांड्यातल्या गाद्या धरल्या, एकेका खाटेवरचे दोन-दोन धरले, तरी प्राध्यापकपद थोडक्यात हुकलं. शिकवणं मात्र खाटांच्या अटीशिवाय चालू.

उपाय निघणारच. उद्या असंही पत्र येईल, की शिकवायचं कसं याचं ऑनलाइन प्रशिक्षण सर्व पर्यवेक्षकांना बंधनकारक. साहेब व्हिडिओ लावतील, फोन ड्रॉवरमध्ये ठेवतील आणि पोस्टमॉर्टेमला जातील. परत येईपर्यंत सहा प्रकरणं संपलेली असतील. शेवटी प्रशिक्षणार्थीचं लॉगबुक भरायचं. प्रशिक्षणार्थी म्हणजे साहेब. खाली रकाना: प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही. सिस्टर तेव्हा लेबर रूममध्ये अडकलेली असणार, त्यामुळे समोर असेल ती फक्त इंटर्न. ती पेन काढेल आणि अदबीने विचारेल,

"सर, एमच देऊ ना? तारीख मागची टाकते."