नारळ उभा करण्याची कृती (नवशिक्या पाणाड्यांसाठी)

साहित्य: शेंडीचा नारळ एक, मूठभर चुना, सासऱ्यांचं कोरडवाहू रान आणि एक उपरणं. उपरणं कुठलाच पाणाड्या आणत नाही. ते आपण न्यायचं.

नारळ तळहातावर आडवा ठेवून अनवाणी चाला. जिथं तो उभा राहील तिथं चुन्याची फुली मारा. तो राहतोच. लातूरकडच्या रानात माझ्याही हातावर राहिला, आणि मी अकाउंटचा माणूस आहे. ताणून धरलेल्या हाताला आपल्या नकळत बारीक हिसका बसतो. तोल सांभाळून बसलेल्या नारळाला तेवढा पुरतो. नांदेडकडचे आमचे मेहुणे नारळाऐवजी तांब्याच्या दोन तारा धरतात. हिसका तोच. पाणाड्या खोटं बोलत नसतो; हात त्यालाही विचारत नाही.

आता उपरणं. डोळे बांधा, दोन गिरक्या घ्या, पुन्हा चाला. माझ्या दोन फुल्यांमधून बैलगाडी वळली असती. म्युनिकजवळ 1987-88 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं: कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्यांनी तो हुडकायचा. निवडक 43 जण, 843 प्रयत्न. बहुतेकांचा निकाल अंदाजपंचे निघाला.

मग गावात पाणी लागतं कसं? खाली बेसाल्टचे थर आहेत. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही, पण झिजलेला, भेगाळलेला खडक धरतो, आणि असे थर बऱ्यापैकी दूरवर पसरलेले असतात. पाऊस बरा झाला असेल तर चुकीची फुलीही पुष्कळदा पावते.

शेवटचं साहित्य म्हणजे वही. गावातला प्रत्येक बोअर लिहायचा: फूट किती, पाणी किती इंची. कोरडेही. इथं नवशिके हटकून गळतात. दोन इंची लागलं की पेढे गावभर फिरतात. नुसता फुफाटा उडाला की 'जागा बरोबर होती, गाडीवाल्यानं तिरपं पाडलं' किंवा 'अजून पन्नास फूट घ्या'. आणि कोरड्या बोअरचं कर्ज कोण सांगतो हो?

12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी लातूरला आणावं लागलं. त्या उन्हाळ्यातही माझा नारळ नेहमीच्याच जागी उभा राहिला होता.

प्रयोग संपला की नारळ फोडा. अर्धा पेला तरी निघतं.