बोरी अरबच्या लेथचा जाहीर अर्ज

प्रति,
सन्माननीय खरेदी विभाग,
संरक्षण साहित्याच्या सर्व मोठ्या कंपन्या, सरकारी तथा खासगी.

विषय : मौजे बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ येथील लघुउद्योगास पुरवठादार करून घेण्याबाबत.
संदर्भ : आत्मनिर्भरतेवरील आजवरची सर्व भाषणे.

महोदय,

संरक्षण क्षेत्राचा पुरवठादार होण्याची पहिली पायरी म्हणजे उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. कॅफेवाला घेतो ते वेगळे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. एक लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि पेरणीच्या तोंडावर वखराच्या पासा घेऊन उभे असलेले गिऱ्हाईक एवढा संसार असलेले वर्कशॉप या व्याख्येत इतके आरामात बसते, की त्याला सूक्ष्म म्हणणेही अतिशयोक्ती वाटावी.

संरक्षणाचे गिऱ्हाईक तसे लांब नाही. अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीजवळची चांदा, असे तीन आयुध निर्माणी कारखाने विदर्भातच आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबाझरी नागपुरात मुख्यालय असलेल्या यंत्र इंडियाकडे गेली, भंडारा आणि चांदा म्युनिशन्स इंडियाकडे. खासगी क्षेत्रही शेजारीच आहे. १० लाख हातबाँबचे ४०९ कोटींचे कंत्राट २०२० मध्ये नागपूरच्याच इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जला मिळाले. शस्त्रे वा स्फोटके करायची तर परवाना हवा. बुश, ब्रॅकेट, वॉशर यांना तो लागत नाही. आजवर आयात होणारे कोणते भाग देशात करून हवेत, हे ऑगस्ट २०२० पासून ‘सृजन’ पोर्टलवर पाहता येते. सरकारी निविदा ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर निघतात.

सरकारी खरेदीत लहानांसाठी राखीव वाटा आहे. २०१२ च्या खरेदी धोरणात तो २० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून २५ झाला; त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. निविदेचा कागद फुकट, अनामत रक्कम माफ. मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर १०० रुपये आला आणि लहानाचा ११५ च्या आत असला, तर लहानाने १०० वर उतरावे आणि किमान २५ टक्के माल द्यावा. म्हणजे मोठ्याच्या भावात विकायची मुभा, हीच लहानाला मिळालेली सवलत. ती देण्याचे बंधनही फक्त सरकारी खाती आणि सरकारी कंपन्यांवर आहे. खासगी कंपनी लहानांकडून माल घेते तो स्वेच्छेने, आणि नाकारते तोही स्वेच्छेनेच.

म्हणून शहाणा लघुउद्योजक मोठ्या कंपनीच्या गेटवर ताटकळत नाही. तो नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीत, त्या कंपनीला माल देणाऱ्याला माल देणारा गाठतो. तिथे जॉबवर्क मिळते, चलन मिळते, मुख्य म्हणजे अनुभव मिळतो. निविदेत मागील पुरवठ्याचा दाखला मागतात. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना ही अट शिथिल करता येते, पण करायचीच असे नाही. पहिली ऑर्डर मिळवायला आधीची ऑर्डर लागते, हा तिढा सोडवायचा मार्ग हिंगण्याहून जातो; मंत्रालयाहून नाही.

खरी परीक्षा मालाची. भंगार बाजारातून आणलेल्या गोल सळीचा बुश कितीही सुबक निघो, कागद नसेल तर तो भंगारच. सळी कोणत्या हीटमधली, म्हणजे पोलादाच्या कोणत्या ओतीतली, त्या हीट नंबरचे कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट कुठे, आणि तुकडे केल्यावर प्रत्येक तुकड्यावर तो नंबर उतरवला का, हे आधी पाहतात. मग माप. नांगराच्या कामात ‘जरा ढिला, जरा टाइट’ हे टॉलरन्स चालून जाते, ड्रॉइंगवर ±०.०२ मिमी लिहिलेले असते. लेथवरून नुकताच उतरलेला १०० मिमी व्यासाचा पोलादी जॉब मायक्रोमीटरपेक्षा २५ अंशांनी गरम असला, तर निवल्यावर सुमारे ०.०३ मिमी आकसतो. मे महिन्यात पत्र्याखाली घाईने घेतलेले माप तपासणीच्या वीस अंशांच्या खोलीत पोचेपर्यंत खोटे ठरते. टर्नरचा हात चुकत नाही, त्याची घाई चुकते. उपाय साधा आहे : जॉब निवू द्यावा, मायक्रोमीटर दरवर्षी कॅलिब्रेट करून घ्यावा, नोंदवही ठेवावी. नमुन्याचा पहिला नग प्रत्येक मापानिशी पास झाल्याशिवाय दुसरा करू नये. सर्वांत अवघड नोंदवहीच, कारण ती रोज लिहावी लागते.

लेथ नसलेल्यांनाही वाट आहे, आणि ती कापसातून जाते. तोफेचा गोळा ढकलणाऱ्या दारूतला मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, आणि तो बनतो सरकीला जिनिंगनंतरही चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून. युरोपातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांना लिंटरसाठी चीनकडे पाहावे लागते, ही तिकडची अलीकडची मोठी डोकेदुखी आहे. आपल्याकडच्या अनेक तेलघाण्यांत मात्र सरकी तंतूंसकट घाण्यात पडते. लिंटर वेगळा काढायला डिलिंटिंग मशीन लागते. पुढे तो शुद्ध करावा लागतो, आणि त्यातले सेल्युलोज, राख, ओलावा यांची मापे ठरलेली असतात. हे एकट्या गावाला पेलणारे नाही, जिनिंगवाल्यांनी मिळून करायचे काम आहे. तोवर कापूस पिकवणारा जिल्हा कापसाच्या भावासाठी आंदोलन करीत राहील.

शेवटचा प्रश्न पैशांचा. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म वा लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो पोचल्या दिवशीच स्वीकारला असे धरतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार सुविधा परिषदेकडे जाते; निवाडा रद्द करून घ्यायचा तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायदा इतका लहानाच्या बाजूचा आहे, की एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तो वापरायला लहानच धजत नाही. म्हणून दोन गिऱ्हाइके जोडेपर्यंत पेरणीचा धंदा बंद करू नये.

तरी सदर अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही विनंती.

अर्जदार उद्योगाकरिता
(सही, शिक्का)

सोबत : १) उद्यम प्रमाणपत्राची सत्यप्रत. २) मटेरिअल टेस्ट सर्टिफिकेट. ३) कॅलिब्रेशनचा दाखला. ४) तीन वर्षांच्या पुरवठ्याचा अनुभव दाखला (ऑर्डर मिळाल्यानंतर तीन वर्षांनी सादर करण्यात येईल).